लाल दगड आणि फर्गसमामा

तीर्थरूप फर्गसमामांस,

डेल्माचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे निम्माच). तिकडे स्टॅनली शहरात लेकीच्या उबदार घरात तुमचे गुडघे कुरकुर करत नसतील आणि त्यांच्या वाटची कुरकुर तुम्हीच करत असाल, याची खात्री आहे.

इकडे टेकडीवरच्या पेंग्विनांची मोजणी सुरू झाली. तुमच्याविना ही पहिलीच. नियम तोच : घरटी तीनदा मोजायची आणि तिन्ही आकड्यांत शेकडा पाचापेक्षा जास्त फरक नको. माझे आकडे आले आठशे बारा, एक हजार चार आणि सहाशे नव्वद. मोजणीची नवी प्रमुख इझोबेल (वय सव्वीस, चेहऱ्यावर कायम दया) म्हणाली, "डेल्माबाई, वारा फार होता का?" मामा, या बेटावर वारा नव्हता असा दिवस तुम्हाला आठवतो का?

चूक माझीच. मोजलेला भाग कळावा म्हणून मी फाटकाच्या लाल रंगात दगड बुडवून रांगा आखल्या. घरटी दगडांचीच बांधणाऱ्या या मंडळींत सगळा जन्म काढून मला हे सुचलं! मी दहाचा चहा पिऊन येईपर्यंत एका नरानं पाच दगड उचलून बायकोपुढे मांडले होते. ते पाहून शेजारणीनं आपल्या नवऱ्याला असं काही सुनावलं की तोही निघाला. दुसऱ्या फेरीपर्यंत माझी हद्द त्यांच्या संसाराला लागली होती.

तुमच्या वेळी दगड लागलेच नाहीत. हद्दीवर तुम्ही खोकं टाकून बसायचा, मी "मामापर्यंत" मोजत यायचे, मग तुम्ही खोकं पुढे सरकवायचा. डिडलडीच्या रानफळांच्या जॅमचा पाव (जॅम कमी, वाळू जास्त) आणि वर तुमची टकळी : "डेल्मे, तो बघ, थेट तुझ्या नवऱ्याची चाल. घराकडे निघाला वाटतं, म्हणून इतका हळू." हसून पोट दुखायचं, पण आकडा कधी चुकला नाही.

आता गुरुवारी शेवटची संधी. नाही जुळलं, तर पुढच्या वर्षापासून उडता कॅमेरा वरून फोटो काढणार आणि माझी पायपीट बंद. कंबरेला आनंदच.

तुमची भाची,
डेल्मा

ता.क. कंबरेला होईल. मला नाही.

ता.क. दुसरा : मोतीबिंदूनंतर आपला काय उपयोग, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मामा, मोजणी तुमच्या डोळ्यांवर कधीच नव्हती. जेवणानंतर तुम्ही टोपी तोंडावर ओढून घोरायचा, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नुसतं येऊन बसायचंय.

ता.क. तिसरा : इझोबेल म्हणते, मामांना आणण्यापेक्षा हद्दीवर एक खांब सरकवत न्या. काल सरावाला सरकवून पाहिला. सरळ उभा राहतो, घोरत नाही, आणि आकडेही जुळले. पण दहा वाजता मी चहा दोन कपांत ओतला. बुधवारी गाडी पाठवते, तयार राहा.