कुणी बघत असताना घातलेल्या घड्या

ता. ४

चि. बबडीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र मिळालं. मानसशास्त्राचा अहवाल कसा लिहितात ते तू कळवलंस आणि मी कपाळाला हात लावला. सारांश सगळ्यात शेवटी लिहायचा आणि सगळ्यात आधी लावायचा. ‘मी केलं’ म्हणायचं नाही, ‘करण्यात आलं’ म्हणायचं. मग केलं कुणी, भुतानं? आधी आपला अंदाज, मग काय केलं ते, मग काय निघालं ते, आणि त्याचा अर्थ पार शेवटी. तोवर वाचणारा घोरायला लागला तर त्याची जबाबदारी कुणावर?

बाकी तुझ्या प्रयोगात फरक चांगला मोठा निघाला, तुझ्या बाई खूश झाल्या आणि पुढच्या शिक्षणाची जागा तुलाच असं म्हणाल्या, हे वाचून जीव सुखावला. निघणारच होता. आदल्या दिवशी जेवताना तूच म्हणालीस ना, समोर कुणी बघत बसलं की हात बसलेलं काम भरभर होतं असा तुझा अंदाज आहे म्हणून? मग मी सकाळी तू यायच्या आत आपल्या धुलाईखान्यातल्या सगळ्यांना बजावलं. पोरगी समोर बसली की अभ्र्यांच्या घड्या झपाझप घाला, एकटीला बसवलं की रमतगमत चालू द्या. चुकाल तर माझ्याशी गाठ आहे. इस्त्रीवाली जाडी उलटंच करायला लागली होती, तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. तू नुसती घड्याळ घेऊन बसलीस, राबली तुझी मावशी. पास झालीस की मला बऱ्यातली चप्पल घे.

लोभ मापून करत नाही, तूही करू नकोस.

तुझी मावशी

ता. ९

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. मावशी, अगं काय करून ठेवलंस हे? माणसं आपण होऊन कशी वागतात ते मला बघायचं होतं. त्या तू सांगितलंस तशा वागल्या. मी मोजला तो तुझा दरारा.

अहवाल लिहून तयार आहे. आकडे इतके देखणे आलेत की बाईंनी ते वर्गात फळ्यावर मांडले. आता गप्प बसून तो देऊन टाकायचा, नाहीतर बाईंना सांगायचं. सांगितलं तर सगळे आकडे केरात, आणि जागाही हातची जाणार. आईला काही बोलले नाही. तूही बोलू नकोस. रागावले आहे, पण पत्राला उत्तर पाठव.

तुझीच,
बबडी

ता. १३

चि. बबडीस आशीर्वाद, नको असले तरी.

गप्प बस आणि देऊन टाक. बाई काय इथे येऊन अभ्रे मोजणार आहेत? पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घर आवरतो, म्हणून काय ते घर आपलं नसतं? बायकांनी घड्या घातल्या त्या खऱ्याच घातल्या. तुझ्या आईनं पोटाला चिमटा घेऊन तुला शिकवलं, ते असं हातातलं सोडून द्यायला नव्हे. जास्त शहाणपणा नको. जेवतेस का वेळेवर?

माया आहे म्हणून बोलते.

मावशी

ता. १८

ती. मावशीस सा. न.

तुझं पत्र यायच्या आधीच मी बाईंना सांगून मोकळी झाले. त्यांनी चष्मा काढून ठेवला. जाडीकडे तू डोळे वटारलेस हे ऐकल्यावर मात्र त्यांना हसू आवरेना. मग म्हणाल्या, हे आकडे वापरता यायचे नाहीत. नवी माणसं शोध, काम तेच हवं, आणि तुला काय हवंय ते त्यांना कळता कामा नये. मुदत थोडी वाढवून दिली आहे. जागेसाठी मात्र आणखी एका मुलीचं नाव गेलंय.

आता तुझ्या जाऊबाईंचा धुलाईखाना एवढाच आधार उरलाय. शिलाई मशीनवरून तुमचं बोलणं बंद आहे, ते ठाऊक आहे मला. तरी विचारशील? आणि माझ्या अंदाजाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. घेतेस शपथ?

तुझी,
बबडी

ता. ३०

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

तू तुझं काम उरकून परत गेलीस, इथे माझे काय हाल झाले ते ऐक. जावेच्या दारात गेले. तिनं मला उंबऱ्यातच उभं केलं आणि मशीन अजून नीट चालतं म्हणून सांगितलं, मी विचारलेलं नसताना. ते गिळलं. मग तिला कळेना, पोरीला हवंय तरी काय. भरभर करायचं की सावकाश? चांगलं दिसायचं की गरीब? मी म्हटलं, मला काही माहीत नाही. माहीत नाही हे शब्द माझ्या तोंडून ऐकून ती इतकी घाबरली, की माझी तब्येत विचारायला लागली. तू गेल्यावरही तेच विचारायला तिचा रोज निरोप येतो, मी उत्तर देत नाही. एवढं तोंड मी सासूसमोरसुद्धा मिटलं नव्हतं. काय निघालं ते लवकर कळव, पोट फुगलंय.

तुझी मावशी

ता. ११

ती. मावशीस सा. न. वि. वि.

काही निघालं नाही. मी समोर बसले काय आणि नसले काय, जाऊबाईंच्या बायका सारख्याच घड्या घालतात. माझा अंदाज चुकला. अहवालात तसंच लिहिलं, आणि पहिली खेप का सोडून दिली तेही लिहिलं. बाईंनी पास केलं. जागा त्या दुसऱ्या मुलीला मिळाली. एक दिवस रडले, आता ठीक आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे, शिफारस बाई स्वतः लिहिणार आहेत.

आता जाऊबाईंना सांगितलंस तरी चालेल.

तुझी लाडकी,
बबडी

ता. १६

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

जागा गेली हे वाचून जेवण गेलं नाही. चप्पल मी माझी घेईन.

जावेला सांगितलं. तिनं या खेपेला आत बसवलं. म्हणाली, काहीच फरक नाही, मग पोरगी दिवसभर आमच्याकडे बसून शोधत काय होती? मी म्हटलं, फरक आहे का ते. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, “मग सापडलं की.” मग मी तिच्याकडचा चहा प्यायले. साखर कमी होती. बोलले नाही.

पुढच्या अर्जाला काय लागेल ते कळव. कळवशील तेवढंच करीन.

तुझी मावशी