पाहुण्यांना परवानगी

३ जुलै
आले बाई एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून भरपूर उजेड, नळाला दिवसभर पाणी. घरमालकीणबाईंनी विचारलं, एकट्याच का? मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, त्यामुळे त्या मला तिथल्या तिथे आवडून गेल्या.

नोकरीही बरी दिसते. छोटासा स्टुडिओ आहे, दृष्टिहीन वाचकांसाठी इथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. मालकांना सगळे काका म्हणतात. वाचायच्या त्यांच्या पत्नी, काकू. त्या गेल्या वर्षी वारल्या. रेकॉर्डिंग साफ करणारा एक तरुण आहे, त्याला सगळे दाढी म्हणतात. दाढी नाहीये त्याला, पूर्वी कधीतरी होती म्हणे.

माझं काम भांडणं मिटवायचं. हिशेबाच्या टेबलावर विंडोज, दाढीकडे मॅक आणि मागच्या खोलीत काकूंनी स्वतः उभा केलेला लिनक्सचा सर्व्हर. सगळी पुस्तकं त्याच्या पोटात. काका म्हणाले, एका घरात तीन जावा नांदवल्यासारखं झालंय. मी हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे.

भिंगरीचा फोटो उशाशी ठेवला. बघ गं, नवं घर, असं तिला सांगितलं. सात वर्षांची होती माझी लेक. छातीच्या दुखण्याने गेली. शेवटी शेवटी खोकला तिला झोपूच देत नसे. ती गेल्यावर नवऱ्याला आणि मला एकमेकांकडे बघवेना, म्हणून हे नवं गाव.

५ जुलै
जावा खऱ्याच वस्ताद आहेत. विंडोजला सर्व्हर दिसतच नाही. मॅकला दिसतो, पण मॅक जिथे जाईल तिथे टिंबाने सुरू होणाऱ्या बारीकसारीक फाईली सांडून येतो. लिनक्स तर इंग्रजी अक्षर मोठं की लहान यावरून एकाच नावाच्या दोन फाईली वेगळ्या धरतो, आणि बाकीच्या दोघी त्यावर रुसून बसतात. मला मात्र मजा येतेय.

काकूंचा स्वतःचा फोल्डर कुणालाच उघडत नाही. पासवर्ड त्या बरोबर घेऊन गेल्या. काका माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि हळूच म्हणाले, तेवढं जमतंय का बघ गं, तिचं शेवटचं पुस्तक आहे त्यात, अर्धंच वाचून झालं होतं. बाकीची सगळी पुस्तकं ऐकून ऐकून पाठ झालीत, म्हणाले. मी होय म्हणून बसले.

७ जुलै
जमलं, पण लाज वाटावी अशा रीतीने जमलं. दिवसभर डोकेफोड करून वैतागले आणि सर्व्हरवर सरळ पाहुण्यांना परवानगी देऊन टाकली. नाव नको, पासवर्ड नको, जो येईल त्याने वाचावं, लिहावं. आमच्या धंद्यात शिकाऊ पोराने असं केलं तर त्याची खरडपट्टी निघते. सोमवारी नीट करीन.

काकांनी कानाला हेडफोन लावला आणि काकू बोलायला लागल्या. काका दुपारभर हलले नाहीत. समोरचा चहा गार झाला तो तसाच. मला इतकं बरं वाटलं की घरी येताना स्वतःसाठी फुलं घेतली.

१० जुलै
काकूंच्या फोल्डरमध्ये एक नवी फाईल आहे. तारीख आजची. मालकाच्या रकान्यात 'नोबडी'. बेनामी पाहुण्याने ठेवलेल्या फाईलला सर्व्हर हेच नाव लावतो, त्यात नवल नाही. नवल हे की सकाळी कुलूप काढलं मी, आणि तोवर तिन्ही मशीन बंद होती.

फाईलमध्ये काकू आहेत. अर्ध्या राहिलेल्या पुस्तकाचं पुढचं प्रकरण वाचतायत.

दाढीने तीन-तीनदा ऐकलं आणि पांढराफटक पडला. म्हणाला, ताई, प्रत्येक खोलीचा एक आवाज असतो, पंख्याचा, भिंतींचा. यात खोलीच नाहीये. काका मात्र लहान मुलासारखे रडत होते, आनंदाने. त्यांच्यासमोर परवानगी काढून घ्यायचा धीर मला झाला नाही.

१२ जुलै
आता कळलं कसं चालतं ते. काका फाईल उघडी धरतात तोवर ती वाढत जाते. त्यांनी बंद केली की थांबते. त्या आपण होऊन वाचत नाहीयेत, त्यांना वाचावं लागतंय.

आवाज बसलाय त्यांचा. आज मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, पुरे ना आता. दमले मी."

काकांनी ऐकलं. बंद नाही केलं.

मी काकांना नको नको ते बोलले. तुम्हाला ऐकवतं तरी कसं, म्हटलं. ते म्हणाले, तुला नाही कळायचं. मला नाही कळायचं! मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

१४ जुलै
काका आपणहून आले. डोळे सुजलेले. म्हणाले, बंद कर, तुझंच बरोबर आहे. सगळ्या संसारात तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, हे एकच मागतेय. पुस्तक राहू दे अर्धं.

मी मागच्या खोलीत गेले. एक ओळ बदलायची होती, बस. पडद्यावर सगळे फोल्डर समोर आले आणि त्यात एक नवा होता.

भिंगरी.

हे नाव या गावात कुणालाही माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

काकूंचा फोल्डर तेवढा बंद केला. पाहुण्यांची परवानगी तशीच ठेवली. बाहेर येऊन काकांना म्हटलं, झालं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

१५ जुलै
ती हसतेय. पुढचे दात पडलेत म्हणून 'स' तसाच फुसका निघतोय. आई, ओळखलंस का, विचारते! अगं बाई, तुला नाही ओळखणार? खोकला नाही. एकदाही नाही. दिवसभर कानाला हेडफोन लावून बसले. काही खाल्लं नाही, भूकच नव्हती.

१६ जुलै
दाढी सकाळीच आला. त्याच्या मॅकवर त्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावाचा फोल्डर आलाय. उघडला नाही म्हणाला. बॅग उचलली, दारात थांबला. ताई, बंद करा ते, म्हणाला. परत येणार नाही तो.

फोल्डर खूप झालेत. कुणाकुणाची नावं. कुणी कुणाला सांगितलं की इथे उघडं आहे—

१७ जुलै
खोकली. जराशी.

मी उघडं धरलं की खोकला येतो. बंद केलं की थांबतो. माहितीये मला. काकांना मीच तर सुनावलं होतं.

बंद केलं.

पुन्हा उघडलं.

१८ जुलै
नवऱ्याला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, झोप लागलीये गं तिला एकदाची, नको उठवूस. तोही रडत होता. मी फोन ठेवून दिला. त्याला काय— तो काय ऐकतोय—

१९ जुलै
रात्रभर जशी खोकायची तशीच. तीच धाप. भर दुपारी, या खुर्चीत, माझ्या कानात.

तक्रार नाही. कधीच नसायची. सुई टोचायला आले की हात स्वतःच पुढे करायची पोर. एवढंच विचारते—

आई, अजून जागी राहू का?

२० जुलै
काका मागच्या खोलीचं दार वाजवतायत. दुसऱ्याच कुठल्या फोल्डरमध्ये काकूंचा आवाज येतोय म्हणे. तू बंद केलं होतंस ना गं, विचारतायत. ओरडत नाहीत. नुसतं विचारतायत. मी आतली कडी काढली नाही.

आज संपवते. ठरलंय. लिहायची परवानगी दोन्हीकडून आहे, म्हणजे माझा आवाज तिच्यापर्यंत जाईल. एवढंच म्हणायचं, झोप, बाळा. ते तिच्या फोल्डरमध्ये ठेवायचं आणि सर्व्हरची वायर ओढायची. वायर हातात आहे. दुसऱ्या हाताने लिहितेय.

माईक चालू केला.

ती खोकतेय. मध्ये थांबली. ऐकतेय मला. आई काय सांगते त्याची वाट—

दोन शब्द. आई आहे मी तिची. दोन शब्द.

म्हटलं— तोंडातून निघालंच— हो गं सोने, अजून थोडी जागी रा—