माय परत बाजूला बसली

माय,

वाशीमच्या या दवाखान्यात बायकांच्या बाकाचा एक पाय आखूड आहे. शेजारची खोकली की आपण नतमस्तक होतो. मानवजातीवरच्या अन्यायांत याची नोंद व्हायला हवी, असं मी काकूला म्हटलं. तुझी ही थोरली जाऊ म्हणाली, "गुमान बस ना वं."

मी लेकीला एचपीव्हीची लस द्यायला आणलं होतं. काकू माझ्यासोबत आली होती, भांडायला. "लग्नाच्या आंधी कायले असली सुई? लोक काय म्हणतीन?"

"लोकायले नाही टोचत, काकू."

नर्सने समजावलं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातो. एखादीकडे मात्र वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो आणि गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर करतो. एकाच नवऱ्याशी इमानदार राहिलेलीलाही होतो.

तुझी पाळी थांबून तेव्हा वर्षं लोटली होती. मेडशीच्या घरात एका सकाळी तू ओसरीत पोतं अंथरून बसतेस. "परत आलं वाटते," म्हणतेस. शेजारणी हसतात, "जवान होऊन राह्यली वं!" तूही हसतेस. डॉक्टरचं नाव कुणी काढत नाही. आपल्याकडे रक्त दिसलं की बाईला तपासत नाहीत, बाजूला बसवतात. महिनोन्‌महिने आमच्या भाकरी काकू थापते. देव अजिबात बाटले नाहीत. तेवढी काळजी चोख घेतली गेली. अकोल्याला नेलं तेव्हा हाच कॅन्सर निघाला, आणि उशीर झाला होता.

लेकीने सुई टोचून घेतली, मोबाइलवरची नजर न हलवता. आम्ही उठलो, तर काकूने माझा पदर धरला.

"मले बी परत आलं. दिवाळीपासून बाजूलेच बसून राह्यली मी. कोणाले सांगू नको."

"डॉक्टरीणबाईले तर सांगू?"

"लाज वाटते वं."

"माही लाज खर्च कर तिथं. माह्याजवळ वापरायची उरली हाय."

ती हसली आणि आत आली. टेबलावर होती तोवर मी पाठ वळवून उभी राहिले. हात मात्र तिच्या हातात होता. तुकडा तपासायला गेला आहे, रिपोर्ट यायचा आहे.

ती खाली उतरली तेव्हा मी वाकून तिच्या चपला तिच्या पायांपुढे सरळ केल्या. "हे काय करतं?" ती म्हणाली. त्या सगळ्या भाकरींचं एवढंच फेडता आलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. मला भीती वाटतेय, माय.