शेजारच्या बाई

पंचवटी, नाशिक
१२ मार्च १९९६

ती. गोदूआत्यास तेजूचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण गोड आहे. माझं लग्न ठरलं! मुलाचं नाव आल्हाद, सातपूरच्या कारखान्यात इंजिनिअर, घर मूळचं कळवणचं. बोलता बोलता स्वतःचाच कान ओढत बसतो, एवढं सोडलं तर बरा आहे. मे महिन्यात गंगापूर रोडच्या कार्यालयात लग्न. तू आठ दिवस आधी यायचंस. आई म्हणते, रुखवत तुझ्याच हातचं हवं.

आता एक अवघड गोष्ट. बाबांनी लिहायला सांगितलंय, स्वतः लिहायला ते धजले नाहीत. तू हॉटेलात गायचीस हे त्या घरी ठाऊक नाही. रामकुंडावर पूजा सांगणाऱ्या माणसाची सख्खी बहीण मुंबईच्या हॉटेलात इंग्रजी गाणी म्हणायची, हे कळलं तर लग्न मोडेल अशी त्यांना भीती वाटते. मला नाही तसं वाटत. पण तू विषय काढू नकोस हं. मला मात्र सगळं लिही, झग्याच्या रंगापासून. पत्र मी लपवून ठेवीन.

राग मानू नकोस, माया आहे तशीच असू दे.
तुझी तेजू


गिरगाव, मुंबई
१९ मार्च १९९६

चि. तेजश्रीस गोदूआत्याचे अ. आ.

कान ओढणाऱ्या जावयाचं वाचून एकटीच हसले. तुझ्या बाबांना, शामला सांग, काळजी करू नकोस. एवढी वर्षं तोंड उघडलं नाही, आता लग्नघरात कशाला उघडू?

झगा हिरवा होता, सॅटिनचा, आणि माझा नव्हता, हॉटेलचा होता. नावही मॅनेजरनेच ठेवलं, मिस ग्लोरिया. संध्याकाळ झाली की चर्चगेटच्या त्या रस्त्यावर दिव्यांच्या पाट्या लागायच्या आणि दर दोन दारांआड बँड वाजायचा. टॅक्सीतून पारशी जोडपी उतरायची, दरवान सलाम ठोकायचा. दिवस दारूबंदीचे; कुणाच्या कपात चहा आहे की आणखी काही, ते विचारायचं नाही! मला इंग्रजी कळायचं नाही. पियानोवाले डिमेलो अर्थ सांगायचे, मी शब्द देवनागरीत लिहून पाठ करायचे. आत यायची ऐपत नसलेले कारकून बाहेर फूटपाथवर उभे राहून ऐकायचे. चणेवाल्याचा धंदा त्यांच्यावर चालायचा.

वडील गेले तेव्हा शाम लहान होता. त्याला पाठशाळेत घातलं ते मी याच गाण्यावर. तो ते विसरलेला नाही. म्हणूनच त्याला ते ऐकवत नाही, असं मला वाटतं.

सुखी राहा. आत्याला विसरू नकोस.
गोदावरी


कॉलेज रोड, नाशिक
२ जून १९९६

ती. आत्यास सा. न.

वि. वि. लिहायला हात उचलत नाही. काय तोंडाने लिहू?

लग्नाच्या दिवशी घरच्या पंगतीत आल्हादचे आजोबा तुझ्यासमोर येऊन थांबले. तरुणपणी ते बॅलार्ड पिअरच्या एका कचेरीत होते, हे मला नंतर कळलं. त्यांचा चेहरा इतका उजळला होता! त्यांनी मला विचारलं, ह्या कोण, मिस ग्लोरिया तर नव्हेत, आम्ही फूटपाथवरून ऐकायचो त्या? सगळी पंगत बघायला लागली. सासूबाईंचा घास हातातच राहिला. आणि मी म्हणाले की छे, ह्या आमच्या शेजारच्या बाई, मदतीला आल्यात.

मला हे कुणी शिकवलं नव्हतं, आत्या. बाबांनीही नाही. माझ्याच तोंडून गेलं.

तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मग आजोबांना म्हणालीस की हो, मी शेजारीण, तुमची काहीतरी गफलत होतेय. आणि पानावरून उठून वाढायला लागलीस. मलाही जिलबी वाढलीस. फोटोला न थांबता संध्याकाळच्या एस.टी.ने गेलीस. तुझ्यासाठी आणलेली आहेराची साडी इथेच राहिली आहे. ती बघितली की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दोन ओळी तरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.
तेजू


गिरगाव, मुंबई
२० नोव्हेंबर १९९६

चि. शामसुंदरास अक्काचे अ. आ.

तेजूच्या जूनमधल्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. लिहायची आणि फाडायची. तिचा राग आला होता, पण त्याहून माझी मलाच लाज वाटत होती. मिस ग्लोरिया म्हणून उभी राहायचे तेव्हा नाव तेवढं खोटं होतं. तुझ्या मांडवात मी स्वतःच्या तोंडाने परकी झाले.

रविवारी दार वाजलं. तेजू, आल्हाद आणि मागे धापा टाकत आजोबा. दिवाळीत तिने सासरी सगळं सांगून टाकलं म्हणे. सासूबाई चार दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. गाण्यामुळे नव्हे, मुलीच्या आत्याला पानावरून उठावं लागलं म्हणून. आजोबांनी, चारचौघांत विचारायला नको होतं, म्हणून माझीच क्षमा मागितली.

मग त्यांना हॉटेल बघायचं होतं. तिथे आता चपलांचं दुकान आहे. पोऱ्याने नंबर विचारला, तर तेजू म्हणाली की घ्यायचं काही नाही, ही माझी आत्या, इथे गायची. चांगलं मोठ्याने म्हणाली. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मला वाटलं, हिला ओढून बाहेर न्यावं, इतकी मला सवय झाली आहे लपायची. तेवढ्यात दुकानवाल्याने माझ्यासाठी स्टूल आणलं. मी बसले. आजोबांनी विचारलं, उभ्या कुठे राहायचात? मी दाखवलं.

शाम, त्या दिवशी पंगतीत तू तूप वाढत होतास. तेजू काय म्हणाली ते तू ऐकलंस, आणि पुढच्या पानाकडे वळलास. हे मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

संक्रांतीला ती मला नाशिकला न्यायला येणार आहे. मी उतरेन तुझ्याकडेच. तुझे यजमान येतील-जातील, ही कोण म्हणून विचारतील. मी गप्प बसणार आहे. उत्तर तू द्यायचं आहेस.

थंडीत पहाटे घाटावर जाताना कान बांधत जा.
तुझी अक्का