टपाल बंद ठेवलेली माणसं

प्रिय मोठी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकली असशील. वॉर्डातल्या त्या जाड्या नर्सने कप्तानची आई ती मोठी आणि पिटूची आई ती धाकटी असं आपलं बारसं केलं, तेव्हापासून मी तुला कागदावर एक ओळही लिहिलेली नाही. आपलं सगळं मेलवर चालायचं, आणि ते थांबल्यावर वाढदिवसाच्या फोनवर. शाळेत पत्रलेखनाच्या तासाला सिस्टर बजावायच्या, समास सोडा, शाई सांडू नका आणि पहिल्याच परिच्छेदात रडगाणं लावू नका. तेवढं पाळते.

बातमी अशी की आपली यादी घर बदलतेय. आपली कसली, तुझीच. हॉस्पिटलच्या बाकावर बसून तूच मला समजावलं होतंस, की एका पत्त्यावर मेल टाकला की तो स्नायूंच्या या आजाराच्या मुलांच्या सगळ्या आईबापांना पोचतो. मी विचारलं होतं, "आणि टपालखर्च कोण देणार?" तू इतकी हसलीस की कप्तान टोपी सावरत चाकाची खुर्ची वळवून बघायला आला. तर ज्या कंपनीच्या सर्व्हरवर यादी होती, ती कंपनी हे काम आता बंद करतेय. जुनं सॉफ्टवेअर दुरुस्त करणारंही कोणी उरलेलं नाही. म्हणून नवा सर्व्हर भाड्याने घेतला, त्यावर नवं सॉफ्टवेअर घातलं, आणि जुन्या घरातली माणसं नि सामान तिकडे हलवायला घेतलं. मदतीला माझे धाकटे दीर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना घरातल्या प्रत्येक वायरीवर हक्क सांगायचा असतो. जेवणाच्या टेबलावर आमचं ऑफिस थाटलंय. भाऊजी म्हणतात, "वहिनी, हे सॉफ्टवेअर आपल्या आत्याबाईंसारखं आहे. करतं सगळं, पण आधी दहा प्रश्न विचारतं." आतल्या खोलीतून पिटू ओरडते, "आई, काकाला सांग, देवाचं नाव घेऊन एंटर दाबू नको, आधी वाच!" ओरडते म्हणजे आपलं म्हणायचं ओरडते. हल्ली तिचं वाक्य दोन हप्त्यांत येतं, मधे यंत्र श्वास घेतं.

आणि खरंच वाचलं नाही, गं. चाचणी म्हणून जुन्या यादीतले वरचे थोडे पत्ते उचलले आणि नव्या घरात टाकले. नव्या सॉफ्टवेअरची रीत अशी की कोणी आत आलं की त्याला आपणहून स्वागताचा मेल जातो. तो मजकूर मीच हौसेने लिहिला होता: तुमच्या मुलाच्या प्रवासात आम्ही सोबत आहोत. दुसऱ्या दिवशी फोन आला. ते बेकरीवाले आठवतात? वॉर्डात सगळ्यांना बिस्किटं वाटायचे, मुलीला खांद्यावर घेऊन जिना चढायचे. त्यांची मुलगी गेली तेव्हा त्यांनी यादी सोडली नव्हती, फक्त मेल येणं बंद केलं होतं. जुन्या घरात त्यांच्या नावापुढे तशी खूण होती. आम्ही नुसते पत्ते उचलले, खुणा मागेच राहिल्या. ते चिडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "ताई, माझी पोर कुठल्या प्रवासात आहे, ते कळलं असेल तर मलाही सांगा." मी माफी मागितली. मागून काय होतं? ते म्हणाले, "नाही नाही, नाव काढू नका हं माझं." आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून सगळं थांबवलंय. स्वागताचा मेल बंद केला. आता ज्यांनी टपाल बंद ठेवलं होतं, त्या एकेकाला मी हाताने नव्या घरात नेतेय आणि खूण करतेय. भाऊजींना हे पटत नाही. "जे वाचतच नाहीत त्यांना कशाला न्यायचं? घर बदलताना माणूस अडगळ टाकतो." मी म्हटलं, भाऊजी, अडगळ म्हणू नका. ते चहा करायला उठले. त्यांच्या आयुष्यात त्यांनी स्वतः केलेला हा कितवा चहा असेल देव जाणे. साखरेऐवजी मीठ नव्हतं, एवढंच.

यंत्राला एकच कळतं, मेल नको. का नको, ते मला पाठ आहे. कोणी परगावी मुलाकडे गेलंय, कोणाला नुसता कंटाळा आलाय, आणि बाकीच्यांचं मूल गेलंय. असं करत करत तुझ्या नावापाशी आले आणि बोट अडलं. यादीची मालकीण म्हणून अजून तूच आहेस. कप्तान गेल्यावर तू टपाल बंद केलंस आणि किल्ल्या मला दिल्यास, पण नाव ठेवलंस. आता तुला तसंच न्यायचं, की आता पुरे म्हणून मोकळं करायचं? सोमवारी जुना सर्व्हर बंद होईल. तुझ्या उत्तराशिवाय मी ते ठरवणार नाही. पण एवढ्यासाठी फोन पुरला असता, हे तुझ्याही ध्यानात आलं असेल.

सामान हलवताना सगळे जुने मेल पुन्हा डोळ्यांखालून गेले. काय काय लिहिलंय आपण! पहिली खुर्ची कुठली घ्यावी. शाळेचा जिना. पाठीचं ऑपरेशन करावं का. रात्रीचा श्वासाचा मास्क पोरं ओढून काढतात तेव्हा काय करायचं. त्यावर तुझा मेल होता, मास्कवर कप्तानचा बिल्ला चिकटवला, आता तो कोणाला हात लावू देत नाही. पिटूच्या मास्कवर मी फुलपाखरू चिकटवलं ते तुझंच वाचून. पायरीपायरीने सगळं आहे. मास्क रात्रीचा दिवसाही लागायला लागला, इथवर आहे. त्याच्या पुढे काही नाही, मोठी. मी शोध शोध शोधलं. पुढचं ज्यांना माहीत आहे, त्या सगळ्यांनी टपाल बंद ठेवलंय.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. घरी येऊन मी यादीला प्रश्न लिहिला, नाव कळू नये म्हणून नवा पत्ता उघडून. अनोळखी पत्ता म्हणून सॉफ्टवेअरने तो अडवला आणि परवानगी द्यायची का असं विचारायला माझ्याकडेच पाठवला. माझेच शब्द परक्या बाईचे म्हणून वाचले, आणि परवानगी देववेना. ज्यांची पोरं अजून जिने चढताहेत, त्या आयांच्या घरात हे कसं सोडू? म्हणून तुला एकटीला विचारते, आणि विचारण्याचा मला हक्क नाही हेही कळतं. काल केस विंचरताना पिटूने आरशातून विचारलं, "कप्तानला कळलं होतं का गं, आई?" मी म्हटलं, मान सरळ ठेव. तू त्याला सांगितलं होतंस का? की त्यानेच तुला सांगितलं? ती पुन्हा विचारेल तेव्हा मी काय म्हणू? तुझ्या नावाचं काय करायचं ते नंतर सांग. आधी हे सांग. लिहवलं नाही तर ये. दार उघडंच असतं, पिटूसाठी नर्सबाई जात-येत असतात.

अजूनही तुझीच,
धाकटी