प्रेमिला बारशाला का पोचली नाही, त्याबद्दल

श्री. रामाजीभाऊंना हुडकेश्वरहून बाबारावचा वाकून नमस्कार. गोपिकावहिनींनाही तसाच, आणि जिच्या बारशाला आम्ही हजर नव्हतो त्या तुमच्या नातीला आशीर्वाद. तुमचा गुडघा कसा आहे? आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे मी थकलेलो आहे आणि प्रेमिला प्रसन्न आहे. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण मी फोन लावला की ती शेजारी येऊन बसते आणि माझ्या तोंडून काही उदास निघालं की हातातून फोन काढून घेते. म्हणून पत्र.

त्या रविवारी तुम्ही भिवापूरच्या स्टँडवर दोन तास उन्हात उभे राहिलात आणि तुमची बहीण काही उतरली नाही. त्या वेळी ती खाप्याला होती. भिवापूरला निघालेली बाई अगदी उलट्या दिशेला कशी गेली, हे सांगायचं तर मला चार महिने मागं जावं लागतं.

चार महिन्यांपूर्वी शेजारच्या हिमानीबाई तिला 'पट परिवारा'त घेऊन गेल्या. टाइल्सच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथं दर गुरुवारी चाळीस-पन्नास माणसं डोळे मिटून बसतात. आयुषजी म्हणून त्यांचे गुरू आहेत (वय चौतीस, आधी पाण्याचे फिल्टर विकायचे. त्यातला एक आमच्याकडं आहे, गळतो). त्यांचं म्हणणं असं की माणसाच्या मनात विचार आला की त्याच क्षणी एक नवा पट तयार होतो. पट म्हणजे एक अख्खं जग, आणि त्या जगात तो विचार खरा झालेला असतो. तुमच्या मनात आलं की विहिरीला पाणी लागावं, तर कुठल्यातरी पटातल्या रामाजीच्या विहिरीला ते लागलेलं आहे. (तुमच्या विहिरीला नाही. मी विचारून घेतलं.) विचार फारच पक्का असला तर माणूस आपल्या पटातून त्या पटात सरकतो. कोणी सरकलेलं पाहिलंय का, असंही मी विचारलं. आयुषजी म्हणाले, जो सरकला तो इथं दिसेल कसा?

घरात याचा पहिला परिणाम म्हणजे मला काळजी करायला बंदी झाली. स्कूटरचं मागचं चाक पंक्चर होईल असं वाटतंय, एवढं मी बोललो तर ती कळवळून म्हणाली, "काहून त्या गरिबाले उन्हात स्कूटर ढकलाले लावता?" हा गरीब म्हणजे दुसऱ्या पटातला बाबाराव. पुढं पुढं या बाबारावांची फार प्रगती झाली. त्यांनी तिला समुद्र दाखवला. ते धुतलेले कपडे घड्या करून ठेवतात, बातम्या मोठ्यानं लावत नाहीत. एका संध्याकाळी मी चहा मागितला तर कळलं की त्यांचा होऊन गेला आहे. लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर या माणसाशी बरोबरी करण्याची ताकद माझ्यात उरलेली नाही, भाऊ.

इथपर्यंत मी चालवून घेतलं. पण तिचा मोतीबिंदू पिकला होता, डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, ती तिनं परस्पर रद्द केली. त्या पटात ऑपरेशन होऊन गेलं, आता इथं पुन्हा कशाला? या पटात मात्र तिला धड दिसत नव्हतं. दारात आलेल्या सिलिंडरवाल्याला आमचा मोहित समजून ती म्हणाली, ये बापा, जेवून जा. (मोहित पुण्याला असतो आणि बारीक आहे.) तो माणूस बसला आणि जेवला. मी डॉक्टरांचा कागद तिच्यासमोर धरला, चिडलो, आयुषजींची नक्कल करून दाखवली. ती भांडी घासत राहिली.

मग तो रविवार. मी स्वतः तिला स्टँडवर सोडून आलो. गाडीला गर्दी होती. कंडक्टर तिच्यापर्यंत पोचला तेव्हा कोराडी मागं पडली होती. तिनं भिवापूर मागितलं. तो म्हणाला, मावशी, ही खाप्याची गाडी आहे, उतरा इथंच. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, मग खापा द्या. तिची खात्री पटली होती की आपण सरकलो आणि या पटात भावाचं घर खाप्यालाच आहे. फोन घरीच राहिला होता. दुपारी खाप्याच्या स्टँडवरच्या चहावाल्या जिजाबाईंनी मला फोन केला, की एक बाई भिवापूरच्या भावाचं घर इथं विचारून राहिल्या, हा नंबर त्यांनीच सांगितला, येऊन घेऊन जा.

बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं. गाडीत बसून मी तिला काय काय सुनवायचं ते सगळं जुळवून ठेवलं. पोचलो तर ती टपरीमागच्या बाकावर जिजाबाईंच्या भज्यांसाठी कांदे चिरत होती, बोटांनी चाचपून. मी दोन ग्लास पाणी प्यायलो आणि शेजारी बसलो. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आईची पट्टी सोडली तेव्हा मी समोर होती. माझ्याकडंच पाहून तिनं विचारलं, प्रेमिला कुठं गेली?"

रामाजीभाऊ, डोळ्यांच्या शिबिरातल्या ऑपरेशननंतर आईंची दृष्टी गेली एवढं मला माहीत होतं. सोळा वर्षांची प्रेमिला तेव्हा समोर उभी होती हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. आधी काहून नाही बोलली, असं मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही हसले असते."

हसलो असतो, हे खरं. मग ती म्हणाली, "त्या पटात आईले दिसते. म्हणून जाते मी गुरुवारी." मी सुरी घेतली आणि उरलेले कांदे चिरून दिले.

येताना गाडीत ती खिडकीशी बसली. घर जवळ आल्यावर माझी बाही धरून म्हणाली, तारीख घ्या. येत्या मंगळवारची मिळाली आहे. आयुषजींनाही ती सांगून आली. त्यांनी सांगितलं की त्या पटातल्या ऑपरेशनला इथून आधार लागतोच. मला समजलं नाही, पण मी त्यांचे आभार मानले. गुरुवारी तिला हॉलवर आता मीच सोडून येतो.

तर असं आहे. ऊन फार आहे, तुमचा गुडघा दुखरा, त्यातून घरात बाळंतीण. तेव्हा तुम्ही येण्याची तसदी मुळीच घेऊ नये. मी सगळं बघून घेईन. लहानमोठ्यांना आमची आठवण सांगावी.

तुमचा,
बाबाराव

ता. क. मंगळवारी सकाळी नऊच्या आत यावं. दादा दिसला नाही तर टेबलावरून उठून येईन, असं ती म्हणते, आणि ती उठेल.

आणखी एक. खाप्याच्या गाडीत तिला मीच बसवलं. पाटी मी वाचली. तिनं दोनदा विचारलं, भिवापूरचीच ना? मी दोन्ही वेळा हो म्हटलं आणि पिशवी वर चढवून दिली. आयुषजींचा यात काही हात नाही.

शेवटचं. परवा डॉक्टरांनी तिच्यासोबत माझेही डोळे तपासले. ती तेव्हा बाहेर बसली होती. मलाही मोतीबिंदू आहे हे एका डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, तो कागद मी कपाटात कपड्यांखाली घातला. मलेही भेव वाटते, भाऊ. माझी तारीख तिच्यानंतरच्या मंगळवारची आहे. तेव्हा पंधरा दिवसांचे कपडे घेऊन यावं, दोघांच्या डोळ्यांत थेंब टाकायला घरात एक तरी दिसणारा माणूस पाहिजे. तिला तुम्ही काही सांगू नका. मी सांगीन. फक्त सांगताना तुम्ही माझ्याजवळ बसा.