बाय-टू ड्रायव्हर

बसवनगुडी, बंगळुरू

तीर्थरूप अत्ते,

वारिजाचा शिरसाष्टांग नमस्कार. तिकडे सागर गावी सुपारी सोलून झाली का? तुझी कंबर काय म्हणते? इथे आम्ही सगळे खुशाल, म्हणजे तुझे धाकटे बंधू, आमचे अप्पा, सकाळी गाडी काढेपर्यंत. मग ते परतेपर्यंत मी खिडकी ते दार आणि दार ते खिडकी. हे पत्रसुद्धा उभ्यानं लिहितेय.

माणूस गाडीनं जाईल की मेट्रोनं, हे गणितानं सांगणं माझी नोकरी. (मागे तू म्हणालीस, "मग त्यालाच विचार की!") वेळ, पैसा, पायपीट, सगळ्याला वजन द्यायचं आणि जे कळत नाही ते 'स्थिरांक' नावाच्या डब्यात कोंबायचं. अप्पांचा मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशनचं नाव काढलं की देवघरात जाऊन बसतात. म्हणून त्यांनाच गणितात घातलं : रोज कॉफीसाठी मल्लेश्वरमला जाणं. उत्तर आलं, मेट्रो. अप्पा आपले गाडीतच! स्थिरांक फुगवून मी थकले, तेव्हा डब्यात आहे तरी काय, ते बघायला परवा मागच्या सीटवर बसले.

पुढे अप्पांशेजारी त्यांचे मित्र रंगण्णा. (कानानं ठार बहिरे, नजर मात्र घारीची.) गाडी सुटली आणि रंगण्णा अप्पांना ओरडून सांगू लागले, "लाल रे पुट्टू, लाल! आता हिरवा. डावीकडे गाय. अरे गाय म्हणतोय ना!" हॉर्न ऐकायचं काम अप्पांकडे. अत्ते, एका कॉफीचे दोन पेले करतात तसा यांनी ड्रायव्हरच बाय-टू केलाय! मी किंचाळले, तर अप्पा म्हणाले, "अगं, मेट्रोत याला कोण विचारतंय? इथे याच्यावाचून माझं पान हलत नाही." बायको गेल्यापासून रंगण्णांशी घरात कुणी धड बोलत नाही. आमच्या गणितात एक माणूस म्हणजे एक प्रवासी. मला रडू आलं, आणि पाय ब्रेक शोधत होता.

मामांना नमस्कार, मांजरीला दूध.

तुझी कासावीस भाची,
वारिजा

ता. क. पाया पडून मेट्रोचं कबूल करून घेतलं. कालपासून दोघं मेट्रोनं जातात. स्टेशनपर्यंत गाडीनं. (आमच्या तक्त्यात ते आता मेट्रोचे प्रवासी.)

आणखी ता. क. खरं काम हे : ते फक्त तुझं ऐकतात. ये, आणि कान धरून त्यांना ऑपरेशनला ने. तू येणार, असं मी सांगूनही टाकलंय.

अगदी शेवटचं. अप्पा हरखलेत. तुला घ्यायला मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर गाडी आणणार आहेत. थोरल्या बहिणीचा मान म्हणून तुला पुढे बसवणार, रंगण्णांना मागे. अत्ते, रिक्षा कर.